मिठागराचे पाय

—आणि मी तरी दुसरं काय बोलतोय, शेठ? घाई कुणाला हाय? तुम्हाला हाय? न्हाय. तुम्ही औषध कंपनीवाले, पेशंट संपल्याबिगर तुम्हाला आत घेत न्हाईत. आणि माझा नंबर तर मघाशीच येऊन गेला. त्या लेकुरवाळीला बोल्लो, तू जा गो बाय, पोर रडतंय. मग तो खोकणारा म्हातारा आला, त्याला बोल्लो, जा बाबा, तू जा. त्याला वाटलं धर्माजी पुण्य कमवायला बसलाय. वाटू दे की! या वयात दुसरं काय कमवायचंय? नाव काय बोल्लात? विपुल. बरं, विपुलशेठ — आमच्याकडं गळ्यात टाय असो नसो, सगळे शेठच. ती बॅग ठेवा खाली. कुणी नेत न्हाय. गोळ्याच हायेत ना तिच्यात? इथं घरटी पोतंभर गोळ्या पडल्यात.

मोजे? हां, मोजे. बघितलेत व्हय. बघणारच, चपला-बूट बाहेर काढायचा नियम हाय डॉक्टरणीचा, मग माणूस दुसरं बघणार काय, एकमेकांचे पाय. तर हे मोजे माझ्या नातीचे — म्हणजे नातीनं आणलेले. भाविका. तिचं लगीन हाय, बुधवारी हळद. ती बोल्ली, आजोबा, फोटोत तुम्ही अनवाणी नको, बूट घालायचे. बूट! उभा जन्म गेला चिखलात आणि आता फोटोसाठी बूट. तर सवय करतोय. आधी मोज्याची करायची, मग बुटाची करायची. एकदम कसं जमेल? उकडतंय ना, हो, उकडतंय. उकडू दे.

तर मी काय सांगत होतो — ही डॉक्टरीण. तुम्ही पहिल्यांदाच येताय ना हिच्याकडं? मग सांगून ठेवतो, हिच्याकडं तुमचा माल खपायचा न्हाय. वाईट वाटून घेऊ नका. आमच्या घरतांची पोर, कल्पिता. एवढीशी होती तवा आमच्या बांधावर बोरं वेचायला यायची, नाक पुसायची फ्रॉकला. मुंबईत जाऊन मोठी डॉक्टर झाली. आम्हाला वाटलं आता ही नवी मुंबईत काचेच्या हॉस्पिटलात बसणार, गाडी घेणार. तर ही आली परत! गावात! अ‍ॅक्टिव्हावर फिरते. पाटी काय लावली बघितलीत ना बाहेर? ‘कुटुंबाचा डॉक्टर’. आयला, आमच्या कुटुंबात आधीच माणसं काय कमी होती, की त्यात डॉक्टर पण घालायचा?

आणि प्रश्न किती विचारते! जल्ला, तपासायला गेलो की पोलीस ठाण्यात आलो? झोप कशी लागते. संडासला कवा जाता. जेवण कोण बनवतं. सून बनवते, बोल्लो. सुनेचं आणि तुमचं जमतं का? आता हिला काय करायचंय! ताप मोज, सुई मार, विषय संपव. पहिले डॉक्टर कसे होते — तुम्ही आत गेलात, त्यांनी वर न बघता कागद फाडला, तुम्ही बाहेर. दोन मिनिटांत मोकळे. माणसाला माणूस लागतो का कुठं? हिचं तसं न्हाय. ही खुर्ची ओढून समोर बसते. मधी टेबल पण ठेवत न्हाय. आणि बघत बसते. आणि मीठ! पहिल्याच दिवशी काय बोल्ली माहीत हाय? काका, मीठ कमी करा. सुकट बंद करा. कुणाला सांगते? मिठागरवाल्याला! आमच्या बापजाद्यांनी मीठ पिकवलं, अख्ख्या मुंबईच्या भाजीत आमचं मीठ पडलं, आणि मी अळणी खाऊ? बोल्लो, बाय, कोळ्याला जाऊन सांग, दर्याकडं पाठ करून बस. हसली. हसते, पण ऐकत न्हाय. सुनेला फोन करून सांगितलं सगळं. आता आमच्या घरात डाळीला चव न्हाय, आणि सून बोलते, कल्पिताताईंनी सांगितलंय. दोघी एक झाल्या. मी कुठं दाद मागू?

एकदा घरी आली, माझं प्रेशर बघायला. ओटीवर खाट हाय, माझ्या बायकोची, जनीची. ती गेल्यापासून तिथंच हाय. चादर पण तीच. तर ही प्रेशर मोजता मोजता विचारते, काका, काकूंची खाट अजून इथंच का? बोल्लो, खाटेला पण प्रेशर हाय का बघ जरा. बोल्लो खरं, पण… तुम्ही सांगा शेठ, हे डॉक्टरचं काम हाय का? खाटेची चौकशी? न्हाय ना? मग. हां, तुम्ही काय बोलणार, तुम्हाला गोळ्या विकायच्यात.

गोळ्यांचं तर ऐकाच. हे तुमच्या कामाचं हाय. हिनं फर्मान काढलं — घरात जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या पिशवीत भरून आणा. सगळ्या. मी साडीच्या दुकानाची मोठी पिशवी भरून नेली. हृदयवाल्याच्या गोळ्या — मला मधी एक स्प्रिंग टाकलीय हृदयात, त्याच्या. साखरवाल्याच्या. कंबरेच्या. एक डबी होती ती कशाची कुणालाच माहीत न्हाय, पण रोज घ्यायचो, सवय. हिनं टेबलावर सगळ्या पसरल्या, भाजी निवडतात तशा, आणि लागली बाजूला काढायला. अर्ध्या काढल्या! अर्ध्या! बोल्ली, या नको. ही तीच हाय, नुसतं नाव वेगळं. ही कुणी दिली? मग माझ्यासमोर नवी मुंबईला फोन लावला, त्या हृदयवाल्या मोठ्या डॉक्टरला — तो आम्हाला सहा महिने भेटत न्हाय आणि हिच्याशी पाच मिनिटं बोलत होता — की सर, माझा पेशंट हाय, धर्माजी, त्याचं असं असं हाय. ‘माझा पेशंट’ बोल्ली. मी बघितलं इकडंतिकडं, कुणाबद्दल बोलते. तर आता तुम्हीच सांगा, सगळे डॉक्टर असे गोळ्या कमी करायला लागले तर तुमच्या कंपनीनं काय शेंगदाणे विकायचे?

हसताय? हसा. मी पण हसलो होतो. मग तिनं दोन गोळ्या उचलल्या, एक या हातात, एक त्या हातात, आणि बोल्ली — काका, या दोन एका पोटात जाता कामा नयेत. ही रक्त पातळ करते आणि ही कंबरेची, दुखण्याची, ही पोटात जखम करते. दोन्ही घेतल्या तर आत रक्त वाहील आणि तुम्हाला कळणार न्हाय. ही दुसरी कुणी दिली तुम्हाला?

कुणी दिली. कुणी दिली न्हाय. जनीची होती. तिच्या गुडघ्याची. उरली होती डबीत. तिच्या हातानं भरलेली डबी, टाकायची कशी? माझी कंबर दुखली की त्यातली एक घ्यायचो. बरं पण वाटायचं.

जनीला दोन्ही चालू होत्या, शेठ.

म्हणजे कसं — आमची जनी मोठी भाग्यवान. एका डॉक्टरवर भागवणारी बाई न्हाय. हृदयाला नवी मुंबई, गुडघ्याला पनवेल, पोटाला पेण, आणि साखरेचा आणखी एक. चार डॉक्टर! सगळे हुशार. भिंतीभर सर्टिफिकिटं. हृदयवाल्यानं हृदय बघितलं, फस्टक्लास बघितलं. गुडघेवाल्यानं गुडघा बघितला. मी फायली घेऊन मधी. हृदयवाल्याला बोल्लो, साहेब, गुडघ्याची पण गोळी चालू हाय, तर बोल्ला, ते हाडवाल्याला विचारा. हाडवाल्याला बोल्लो, तर बोल्ला, ते हृदयवाल्याला विचारा. बारभाई कारभार! आणि कारभारी कोण, तर मी, सातवी नापास. मला इंग्रजीतलं काय कळतंय? तिनं मला सांगितलं, अहो, संडासला काळं होतंय. मी पोटवाल्याला फोन केला, तर तिथली मुलगी बोल्ली, पुढच्या गुरुवारी या. गुरुवार आला, जनी थांबली न्हाय. दोन घरचा पाहुणा उपाशी बोलतात ना, आमच्या जनीला तर चार घरं होती. हृदय कसं होतं तिचं शेवटी विचाराल तर उत्तम. रिपोर्ट हाय घरात, उत्तम हाय. गुडघा पण बरा होता. नुसती बाई तेवढी गेली.

रागावलोय? हो, रागावलोय. कुणावर रागवायचं ते सांगा, जाऊन रागावतो. चौघांनी आपापलं काम चोख केलं. ती बाई कुणाचं काम होती? कल्पिता तवा अजून शिकत होती. उशिरा आली जल्ली. तिचा काय दोष, पण उशिरा आली.

जाऊ द्या. हां रुचिका, बोल! — ही रुचिका, इथं नंबर बोलवते — आतली बाई आली का बाहेर? आता त्या पोराला पाठव, त्याच्या हाताला पट्टी हाय ती बदलायची असंल. मला घाई न्हाय गो. मी शेठशी बोलतोय. शेठला एकट्याला कंटाळा येतो.

तर पायांचं सांगत होतो. न्हाय सांगत होतो? मग आता सांगतो. तुम्ही मिठागर बघितलंय? न्हाय बघितलं. ऑनलाइन बघाल. मिठाचा वाफा आधी पायांनी तुडवायचा, चिखल असा टणक करायचा की त्यावर गाडी चालावी. ओळीनं उभं राहायचं आणि तुडवायचं, खाली खारं पाणी, वर ऊन. मीठ कापतं पायाला, मग भरतं, मग कापतं, आणि एक दिवस चामडी अशी होते की विंचू चावला तर विंचवाला वाईट वाटावं. काट्यावरून चाललो तर काटा मोडतो. गावात म्हातारे बोलायचे, मिठागरवाल्याचं सगळं अंग जळतं चितेवर पण तळवे राहतात. माझ्या बापाचे तसेच होते. माझे पण. पैज लावायचो मी, जत्रेत, चटका बसेल अशा तव्यावर पाय ठेवायचो. जनी आधी शिव्या द्यायची आणि मग बायांना मोठ्या तोंडानं सांगायची.

आणि ही कल्पिता काय करते? ही एक नायलॉनचा दोरा घेते, मासे धरायच्या गळाला असतो तसला, आणि पाय मांडीवर घेते — डॉक्टर असून पाय मांडीवर घेते, मला कसंतरीच होतं — आणि बोलते, काका, डोळे मिटा, दोरा लागला की हो बोला. मिठागराच्या पायाला दोरा! मी बोल्लो, हो, हो, हो. सगळीकडं हो. पास! …आता तुम्ही बाहेरचे, तुम्हाला सांगायला हरकत न्हाय. मी डोळे बारीक करून बघत होतो. तिचा हात हलला की हो बोलायचो. आवं, माणसाला इज्जत असते! एका पोरीनं दोरा लावावा आणि धर्माजीला कळू नये? पण ती पण घरतांची. पुढच्या खेपेला तिनं टॉवेल आडवा धरला. मी अंदाजानं बोल्लो, लागलं. तर ती बोल्ली, काका, मी अजून दोरा उचललाच न्हाय.

ओरडली न्हाय. ओरडली असती तर बरं झालं असतं. बोल्ली, काका, तुम्हाला वाटतं हे मिठाचं हाय. हे मिठाचं न्हाय, साखरेचं हाय. साखर नसा खाते, पाय मुका होतो. रोज संध्याकाळी आरशात तळवे बघत जा, आणि दर पंधरा दिवसांनी मला दाखवा. मी बोल्लो, तळव्याला आरसा दाखवायला मी काय नवरी हाय? आणि जे उठलो ते — मग न्हाय आलो. लगीनघाई होती. मांडव, आमंत्रणं, पोराचे ट्रेलर पोर्टवर अडकलेले, कोण बघणार? मीच बघणार. दोनदा फोन आला तिचा. सुनेला बोल्लो, सांग आजोबा मांडवात हायेत. खोटं न्हाय बोल्लो, मांडवातच होतो. अनवाणी.

आणि आज सकाळी न्हाणीत बसलो पाय घासायला. तर हाताला काहीतरी लागलं. हाताला, बरं का. खडा असंल वाटलं. नखानं काढायला गेलो तर निघेना. मग पक्कड आणली. हे बघा. हा. खिशात हाय. घ्या हातात, धुतलाय. मांडवाचा खिळा. बोटाच्या पेराएवढा आत होता. कवा गेला? मला विचारू नका, मला न्हाय माहीत. हलगीवाल्याला मांडव दाखवत फिरलो, पाव्हण्यांना न्यायला स्टँडवर गेलो, परवा तर भाविकाला नाचून दाखवलं, की हळदीला असा नाचणार तुझा आजा — खिळ्यावर नाचलो, शेठ! हाय कुणाच्या बापाची ताकद? असा पाय हाय आमचा! कंपनीत जाऊन सांगा तुमच्या—

काय बघताय असे? माशी बसलीय मोज्यावर, तिला बघताय? ऊन हाय, माश्या असणारच. वास? मला न्हाय येत. भाविका पण सकाळी बोल्ली, आजोबा, ओटीवर उंदीर मेलाय का कुठं.

मिठागर बंद पडून किती वर्षं झाली, माहीत हाय? पोरं ट्रेलरच्या धंद्यात शिरली तवापासून. मी तवापासून चपला घालतो. लादीवर राहतो. न्हाणीत बसून विचार करत होतो, की तळवा हाताला मऊ लागतोय. मऊ, लहान पोराचा असतो तसा. चामडी तर केव्हाच गेली मिठाची. मग… मग कळायला पाहिजे होतं ना? मऊ पायात खिळा गेला तर माणूस बोंबलतो. मी का न्हाय बोंबललो?

आमच्या आळीत चंदर हाय. माझ्याबरोबरचा, वाफ्यात माझ्या शेजारी उभा राहायचा. त्याचा आधी अंगठा काढला. मग पाऊल काढलं. आता ओट्यावर बसलेला असतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतो. माणूस चांगला हाय. सगळे विचारतात, चंदर, कसा हायस. बरा हाय, बोलतो. मी त्याच्या घरावरनं जात न्हाय आता, मागच्या वाटेनं जातो.

बुधवारी हळद हाय हो. बुधवारपर्यंत फक्त. धवलारणी येणार, देवाधर्माची गाणी म्हणून हळद लावणार, आणि मग आमच्यात आजी नाचते नातीला हळद लागली की. जनीनं भाविकाला शब्द दिला होता. पोर पाळण्यात होती तवापासून जनी बोलायची, हिच्या हळदीला मी अशी नाचेन की मांडव हलेल. मग आता कोण नाचणार? मीच ना? माझ्या वाटचं आणि तिच्या वाटचं. आत गेलो तर ही पोरगी मोजा काढणार आणि ॲम्ब्युलन्स बोलवणार. मी ओळखतो तिला. तिथंच झोपवणार. हळदीला मी हॉस्पिटलात, आणि मांडवात दोन खुर्च्या रिकाम्या. म्हणून बसलोय. नंबर देतोय लोकांना. बुधवार होऊ दे, मग काढा काय काढायचं ते. …पण मग इथं आलोच कशाला, असंच ना तुमच्या तोंडावर? तेच मी पण मघापासून स्वतःला विचारतोय. घरातून निघालो तर पाय आपोआप इकडं वळले. मुके हायेत, पण वळले.

हां रुचिका. — कुणी न्हाय राहिलं? तो पट्टीवाला पण गेला? बघ बाहेर, कुणी आलं असंल. न्हाय. बरं. थांब गो, एक मिनिट थांब.

विपुलशेठ, तुम्ही जा. न्हाय न्हाय, तुम्ही जा आधी. नियम गेला खड्ड्यात, मी सांगतो रुचिकाला. आत जा, तुमच्या कॅप्सूलचं काय ते सांगा, ती ऐकून घेईल, घेणार काही न्हाय, पण ऐकेल, पाणी पण विचारेल. आणि मग उठताना, सहज, बॅग उचलता उचलता बोला — बाहेर धर्माकाका बसलेत, मोजे घालून. एवढंच. खिळ्याचं नाव काढू नका. पायाचं काही बोलू नका. मोजे घालून बसलेत, एवढं बोल्लात की पुरे. तिनं बोरं वेचताना बघितलाय मला, वाफ्यात बघितलाय, माझ्या बापाला खांदा देताना बघितलाय, जनीच्या वेळेला पण बघितलाय. मोज्यात न्हाय बघितला कवा. तिला कळेल.

द्या तो खिळा इकडं. माझा हाय.

जा ना आता, उभे काय राहिलात? माझ्याकडं बघू नका. जा. आणि दार ओढून घेऊ नका मागून, उघडंच राहू द्या.